वानखडे खाते नावे

वानखडे सरांच्या घरात शिरताना चपला दाराबाहेर काढायच्या आणि खोडरबर दारातल्या डब्यात टाकायचं, असा नियम होता. चपलांचं एखाद्या दिवशी चालून जायचं. खोडरबराचं नाही. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता तो. आम्हा पंधरा जणांची पंधरा खोडरबरं त्यात पडलेली असायची आणि प्रत्येकावर सरांनी नावाची चिकटपट्टी लावलेली असायची. वर्षाच्या शेवटी ती ज्याची त्याला परत मिळत. "हे आपलं नाही, देणं आहे," असं म्हणून सर डबा वहीत देण्याच्या बाजूला लिहीत. आम्ही हसायचो, सर हसायचे नाहीत.

पेन्सिल तर घरात आणायचीच नाही. सगळं पेनाने. चुकलं तर चुकलं, त्यावर काट मारायची नाही, गिरवायचं नाही. खालच्या ओळीत दुरुस्तीची नोंद करायची आणि तिच्याखाली कंसात लिहायचं, काय चुकलं आणि का चुकलं. "खोडलं का लोकाले संशय येते," सर म्हणायचे. "लिहून दुरुस्त केलं का विश्वास येते. समजलं का सातारा?"

सातारा म्हणजे मी. बाबांची विमा कंपनीत बदली झाली आणि आम्ही साताऱ्याहून जयपूरला आलो. मुरलीपुऱ्यात घर घेतलं. माझी अकरावी सुरू झाली होती. दोन महिन्यांत अकाउंट्समध्ये मी असे काही गुण मिळवले की आईने ते आजीला फोनवर सांगितले नाहीत. बाबांना ऑफिसात कुणीतरी वानखडे सरांचं नाव सुचवलं. त्यांच्याच कंपनीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे अमरावतीचे आणि आता सोडाल्यात दोन खोल्यांच्या घरात क्लास घेणारे. मराठी आहेत एवढ्यावरच आईचा जीव भांड्यात पडला.

निवृत्तीनंतर अमरावतीला का गेला नाहीत, असं बाबांनी पहिल्याच भेटीत विचारलं. सर म्हणाले, "तिथं सगळे ओळखीचे. फी कोण देईन?" मग आत स्वयंपाकघरात काकू होत्या, तिकडे बघून म्हणाले, "आणि हिले इथले बाजरीचे खिचडे लागले आवडून." काकूंनी आतून सांगितलं की खिचडा त्यांना अजिबात आवडत नाही, सरांना आवडतो. सरांनी तिथल्या तिथे मान्य केलं. चूक मान्य करायला त्यांना कधी वेळ लागत नसे, निदान मला तरी तेव्हा असंच वाटायचं.

उंच, काटकुळे, सत्तरीच्या आसपासचे. थंडीच्या पहिल्या चाहुलीला बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर अंगात चढायचा तो होळीलाच उतरायचा. खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेन मुलांच्या वहीवर कधी चाललं नाही. ते फक्त स्वतःच्या चुकांसाठी आहे, असं ते सांगायचे आणि मग बढाई मारल्यासारखं दाखवायचे, बघा, तीन वर्षं झाली, रिफिल अजून भरलेलीच आहे.

शिकवायचे हिंदीत, पण ती हिंदी अमरावतीहून निघून जयपूरला येता येता वाटेत बरंच काही गोळा करून आलेली होती. "जो आया वो नाम, जो गया वो जमा, इतना ही तो है बाप्पा!" असं ते फळ्यावर खडू आपटून म्हणायचे. येणारी वस्तू नावे, जाणारी जमा. आमच्या वर्गातली मारवाडी, जाट, पंजाबी मुलं घरी जाऊन आपापल्या आयांना "बाप्पा" म्हणायला लागली होती. दारातून कुणी आलं की सर वळून न बघता म्हणत, "विशाल खाता नाम." कुणी पाणी प्यायला उठलं की "विशाल खाता जमा." पोह्यांची थाळी आली की "पोहा खाता नाम, काकी खाता जमा." यावर एकदा काकू दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "आणि भांडे कोण घासन, ते कोणत्या खात्यात लिहिता ते सांगा ना आधी." सर विचारात पडले. पुढचा अर्धा तास मजुरी आणि देणी हाच विषय झाला आणि त्या दिवशीची भांडी आम्ही घासली.

धंदा वेगळा आणि मालक वेगळा, हे पुस्तकातलं पहिल्या पानावरचं वाक्य. आमच्या शाळेत ते आम्ही पाठ केलं होतं. सरांच्या घरात ते रोज पाळलं जायचं. फीचे पैसे टेबलाच्या खणात, घरखर्चाचे काकूंच्या डब्यात. क्लाससाठी चहा झाला की खणातून डब्यात पैसे जात. त्यातलाच कप सरांनी उचलला तर वहीत नोंद, मालकाची उचल. एकदा काकूंनी सगळ्यांना चहा दिला आणि सरांसमोर रिकामा कप ठेवला. सर बघतच राहिले. काकू म्हणाल्या, "तुमचा चहा घरात आहे. तुम्ही तर क्लासात आहात." सर उठून शेजारच्या खोलीत गेले, चहा पिऊन परत आले आणि म्हणाले, "हिले समजलं. तुम्हाले कधी समजन?"

टोमॅटोवाल्याची गोष्ट तर ते स्वतःच रंगवून सांगायचे. सोडाल्याच्या भाजीबाजारात संध्याकाळी एका ठेल्यावर त्यांनी घासाघीस सुरू केली. वापरून आणि वेळेनुसार वस्तूची किंमत घटते, त्याला घसारा म्हणतात, तर भैया, सकाळचे टोमॅटो संध्याकाळी सकाळच्याच भावाने कसे? ठेलेवाल्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबूजी, सुबह से टमाटर पुराना हुआ तो आप भी तो पुराने हुए. आप फीस कम लेते हो क्या?" सर पूर्ण भावाने टोमॅटो घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या सगळ्यांची फी पन्नास रुपयांनी कमी केली आणि वहीत कारण लिहिलं, "शिक्षकाचा घसारा." दरवर्षी असंच चाललं तर दहा वर्षांनी आपणच मुलांना पैसे देऊ, असं काकू म्हणाल्या. पण फी काही पुन्हा वाढली नाही.

आता मंजूबद्दल सांगायला हवं.

मंजू कानोत्याची. जयपूरच्या पूर्वेला धरण आहे, तिथलं गाव. तिचे वडील रामनिवासजी धरणाच्या रस्त्यावर चहा-कचोरीची टपरी चालवायचे. दोन बस बदलून ती सोडाल्याला यायची, त्यामुळे रोज दहा-पंधरा मिनिटं उशीर. सर म्हणायचे, "मंजू खाता नाम, विलंब से," आणि ती मागे सतरंजीवर माझ्या शेजारी बसायची. तिच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. सीए व्हायचं असं तिने ठरवून टाकलं होतं आणि हे ती इतक्या साधेपणाने सांगायची की कुणाला हसू यायचं नाही. तिचं अक्षर बारीक, आकडे एकाखाली एक ओळंब्यात. ती आमच्यातली सगळ्यांत हुशार होती, मला तर ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

बारावीच्या बोर्डाला दीड-एक महिना उरला असताना सरांनी सराव परीक्षा घेतली. प्रश्न सर स्वतः हाताने लिहीत. झेरॉक्सवाला शाई कमी घालतो, असं त्यांचं म्हणणं. एका वेळी एक मूळ आणि कार्बन लावून तीन, असे चार-चार कागद काढायचे. प्रश्न होता खात्यांच्या शिलकांवरून ट्रायल बॅलन्स करण्याचा. सर त्याला तेरीज म्हणत आणि जयपूरची मुलं तलपट. दोन्ही बाजूंच्या बेरजा सारख्या आल्या पाहिजेत. नाही आल्या तर फरक तात्पुरता उचंत खात्यात टाकायचा आणि चूक शोधत बसायचं.

त्या दिवशी विशालची स्कूटी पंक्चर झाली म्हणून तोही उशिरा आला आणि मागे आमच्यात बसला. विशालचे वडील सीए, एरवी तो पहिल्या रांगेत. त्याने सगळ्यांत आधी पेपर दिला. मंजूने दहा मिनिटांनी दिला. मी सगळ्यांत शेवटी दिला, तोही सरांनी ओढून घेतला म्हणून.

पेपर तपासून झाले आणि सर उभे राहिले. बारा जणांची बेरीज जुळली होती. माझा फरक सदतीस हजारांचा होता, त्यावर सरांनी कपाळाला हात लावला. विशाल आणि मंजू या दोघांचा फरक मात्र बरोबर नऊशे होता, दोघांनीही तो उचंत खात्यात टाकलेला.

सर म्हणाले, "सही उत्तर दो लोगों का एक हो सकता है. गलत उत्तर एक नहीं होता." मग त्यांनी मंजूकडे पाहिलं. विशालने आधी पेपर दिलेला, मंजू त्याच्या शेजारी. "मंजू, नकल की तूने."

"नहीं की सर."

"फिर फरक एक कैसे?"

"सर, आप मेरा सवाल देख लो," असं म्हणून तिने प्रश्नाचा कागद पुढे धरला. सरांनी तो घेतला नाही. "सवाल मैंने लिखा है," ते म्हणाले. "मुझे क्या दिखाती है?"

मंजूने कागद घडी करून दप्तरात ठेवला. उठली, दारातल्या डब्यातून आपलं रबर काढून घेतलं आणि गेली. वर्षाच्या मध्ये डब्यातून रबर काढून घेतलेलं आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. विशाल खाली मान घालून बसला होता. मीही काही बोलले नाही. मला आजही त्याची लाज वाटते.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशी नाही, आठवडा झाला तरी नाही. तिच्या शाळेतल्या मैत्रिणीकडून कळलं की ती टपरीवर बसते आणि बोर्डाच्या परीक्षेला बसायचंच नाही म्हणते. चोर म्हणवून घ्यायला तिला एवढ्या लांब पाठवत नाही, असं वडीलही म्हणाले होते.

मी मात्र रोज जात होते. सदतीस हजारांची धनीण असल्यामुळे सरांनी मला क्लासच्या आधी बोलावून तोच प्रश्न पुन्हा सोडवायला लावला. यावेळी शेजारी बसून, वहीतला एकेक आकडा बोटाने दाखवत. तासाभराने माझा फरक सदतीस हजारांवरून खाली खाली येत नऊशेवर येऊन थांबला. मला वाटलं, सर खूश होतील.

सरांनी नऊशेला नऊने भागलं. हा त्यांचा लाडका उपाय होता. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला की समजायचं, कुठेतरी दोन आकड्यांची जागा बदलली आहे. त्यांनी माझी वही पाहिली, तिच्यात कुठेच चूक नव्हती. मग त्यांनी हात पुढे केला. "तुझा सवाल दाखव."

माझ्या कागदावर त्यांच्याच अक्षरात, कार्बनच्या निळ्या रंगात, फर्निचरचे चार हजार पाचशे लिहिले होते. ज्यावरून ते सगळे कागद उतरवत, तो आपला कच्चा कागद त्यांनी काढला. तिथे पाच हजार चारशे. शेवटचे चार कागद लिहिताना त्यांचा हात चुकला होता. त्यातले तीन मागे बसलेल्या आम्हा तिघांना आले होते आणि चौथा उरला होता. मंजू आणि विशाल दोघांनीही चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर लिहिलं होतं. माझ्या चुकांच्या ढिगाऱ्यात सरांची एक चूक कुठे गडप झाली, ते कुणालाच कळलं नव्हतं.

सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाले, "ते मले दाखवून राहिली होती ना. मीच पाहिलं नाही."

त्या दुपारी ते जेवले नाहीत. काकूंनी दोनदा ताट वाढलं आणि दोनदा झाकून ठेवलं. सरांनी फोन केला, मंजूने उचलला नाही. वडिलांनी उचलला आणि नाव ऐकून ठेवून दिला. काकू म्हणाल्या, "मग एक मेसेज टाका ना. लिहा, चूक झाली." सर एकदम चिडले. "पंधरा पोरांसमोर चूक लिहिली मी, अन् दुरुस्ती तिच्या एकटीच्या फोनात करू? ज्या वहीत चूक, त्याच वहीत दुरुस्ती. हे मीच शिकवून राहिलो ना इतके वर्षं?"

रविवारी सकाळी आम्ही चौदा जण, सर, काकू, शंकरपाळ्यांचा डबा आणि जुन्या चादरीत गुंडाळलेला क्लासचा फळा असे सगळे बसमध्ये चढलो. फळा विशालने धरला होता. कुणाला दिला नाही. कंडक्टर म्हणाला, फळ्याचंही तिकीट लागेल. एरवी सरांनी त्यावर चांगला अर्धा तास वाद घातला असता. त्या दिवशी त्यांनी मुकाट्याने पैसे काढून दिले, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते घाबरले आहेत.

टपरीवर गर्दी होती, धरणावर सहलीला आलेली माणसं होती. रामनिवासजी कढईसमोर. मंजू मागे कांदा चिरत बसलेली. तिने आम्हाला पाहिलं आणि मान खाली घातली. रामनिवासजी झारा हातात घेऊन पुढे आले. "अब काईं लेबा आया हो मास्टरजी? म्हारी छोरी चोर कोनी."

"कोनी," सर त्यांच्याच बोलीत "नाही" म्हणाले. "वही लिखने आया हूँ."

विशालने टपरीशेजारच्या कडुलिंबाच्या खोडाला फळा टेकवला. सरांनी खिशातून खडू काढला. लाल खडू होता. आम्ही सतरंजीवर बसतो तसे खाली मातीत बसलो. गिऱ्हाईकं चहाचे पेले घेऊन उभी राहिली. सरांनी तारीख घातली आणि रोजच्या नोंदीसारखं सावकाश लिहिलं, "वानखडे खाता नाम. मंजू खाता जमा." मग खाली कंसात लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. "सवाल में पाँच हज़ार चार सौ की जगह चार हज़ार पाँच सौ मैंने लिखा. मंजू ने सवाल दिखाया, मैंने देखा नहीं. मंजू ने नकल नहीं की थी. गलती वानखडे की थी, मंजू के नाम लिख दी गई. वह अब सही नाम पर लिखी जाती है." वाचताना "मैंने देखा नहीं"पाशी ते थांबले आणि त्यांनी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

फळ्यावर रकमेचा रकाना रिकामा होता. रकमेशिवाय नोंद पुरी होत नाही, हे आम्हाला सरांनीच शिकवलेलं. सर रिकाम्या रकान्यापाशी खडू धरून उभे राहिले. हात खाली येईना. अशा गोष्टीची काय रक्कम लिहिणार?

मंजू उठली. ओढणीला हात पुसत आली, सरांच्या हातातून खडू घेतला आणि दोन्ही बाजूंना लिहिलं, नऊशे. आकडे नेहमीसारखे ओळंब्यात.

"तलपट मिल गया, सर," ती म्हणाली आणि मग रडायला लागली. सरही रडत होते. काकूंनी पदराने आधी तिचे डोळे पुसले, मग सरांना रुमाल दिला. रामनिवासजी थोडा वेळ झारा घेऊन तसेच उभे होते. फळ्यावरचं ते दोनदा वाचत असावेत. मग वळून त्यांनी कढईत कचोऱ्या सोडल्या. पैसे घ्यायला ते तयार नव्हते आणि सर दिल्याशिवाय उठायला तयार नव्हते. शेवटी रामनिवासजी म्हणाले, "लिख ल्यो सरजी, छोरी की फीस में." सरांनी तिथेच वही काढून लिहिलं. आम्ही प्रत्येकी तीन कचोऱ्या खाल्ल्या होत्या, विशालने पाच.

सोमवारी मंजू पंधरा मिनिटं उशिरा आली. सर वळले नाहीत. "मंजू खाता नाम, विलंब से," म्हणाले. तिने रबर डब्यात टाकलं. पत्र्याच्या डब्यात रबर पडल्याचा आवाज काही मोठा नसतो, पण त्या दिवशी सगळ्यांना ऐकू आला. बोर्डात अकाउंट्सला ती आमच्यात पहिली आली. मीही पास झाले. सरांच्या मते हा जास्त मोठा पराक्रम होता.

पुढे बाबांची बदली झाली, आम्ही जयपूर सोडलं. मी अकाउंट्सच्या वाटेला पुन्हा गेले नाही. मंजू मात्र सीएची पायरी पायरी चढत राहिली. सर गेले ते गेल्या हिवाळ्यात. फोन तिनेच केला होता. त्याच्या आदल्या वर्षी कामानिमित्त मी जयपूरला गेले, तेव्हा गाडीच्या आधी तासभर मिळाला म्हणून सोडाल्याला जाऊन आले. तेच सरांचं शेवटचं दर्शन.

दारातला डबा तोच होता. खोलीत नवी मुलं होती आणि फळ्यासमोर मंजू उभी होती. रविवारचा क्लास आता ती घेते, असं काकूंनी हळूच सांगितलं. सरांना उभं राहणं जमत नाही. पण आतल्या खोलीत बसून राहणंही जमत नाही. ते मागे भिंतीला टेकून मुलांच्यात बसले होते, राखाडी स्वेटर, मांडीवर वही. मी दारातच थांबले. मंजूने घातलेला प्रश्न सगळे सोडवत होते. सरांनी हात वर केला.

"मॅडमजी, आपके सवाल में गड़बड़ है. सत्ताईस का फरक आ रहा है."

मुलं खुदखुदली. मंजू फळा सोडून त्यांच्यापाशी गेली. तिने सरांची वही पाहायच्या आधी स्वतःचा प्रश्नाचा कागद पाहिला, आकडा आकडा, शेवटपर्यंत. मग विचारलं, "सर, नौ से भाग जाता है?"

सरांनी भागून पाहिलं. वहीत बोट फिरवत वर गेले आणि एका आकड्यावर थांबले. बावन्नच्या जागी पंचवीस. मान हलवली आणि खिशातलं लाल पेन काढलं. मंजू दारातला डबा घेऊन आली आणि त्यांच्यासमोर धरून अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "रबर दूँ, सर?"

"नहीं मॅडमजी," सर म्हणाले. "नीचे लिखता हूँ."

आणि खाली वाकून ते सावकाश लिहू लागले, वानखडे खाते नावे.